मागची खोली

धसईच्या पलीकडे, रानाला लागून इंग्रजांच्या काळचा एक सरकारी बंगला होता. त्याच्या मागच्या खोलीत सोमी कातकरणीचा बाप लखमा मेला. चोरून लाकूड तोडलं म्हणून त्याला संध्याकाळी आत घेतला आणि सकाळी 'तापाने गेला' म्हणून बाहेर काढला. तापाने पाठीवर वळ उठत नाहीत, एवढं त्या पोरवयातही सोमीला कळत होतं.

तिच्या घरची रीत अशी, की माणूस जिथे गेलं तिथेच भाद्रपदात त्याला पान वाढायचं. म्हणून दरवर्षी ती त्या खोलीच्या भिंतीशी भात आणि सुकट ठेवत आली. रखवालदार हाकलायचे, बया पुन्हा हजर. बंगल्याच्या नावाने मात्र तिने जन्मभर बोटं मोडली.

यंदा उन्हाळ्यात, नवी इमारत बांधायची म्हणून बंगला पाडायला काढला आणि सोमी पदर खोचून मजुरीला उभी राहिली. सून रंजिता म्हणाली, "आत्ये, ह्या वयात घण उचलाचा?" पण ऐकतंय कोण! मागची खोली तर तिने पाडायला मुकादमाकडून मागूनच घेतली. भिंत कोसळली तेव्हा ती धुळीत उभी राहून खदाखदा हसली, आणि त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली.

भाद्रपदात पान घेऊन गेली, तर समोर नुसता सपाट मुरूम. खोली कुठे होती, तेच उमगेना. इकडे चार पावलं, तिकडे चार पावलं, सगळी जमीन सारखीच. तिला रडू यायला लागलं.

मुरबाडहून आलेली दोन माणसं तिथेच भांडत होती. बंगल्याच्या जागी फलक लावायचा होता. त्यावर भोईर मास्तरांना आपला वारसा हवा होता, सागाच्या तुळया आणि साहेबांच्या मेजवान्यांसकट. दिनेश पुढाऱ्याला 'गुलामीची निशाणी गेली' एवढंच हवं होतं. आवाज दोघांचेही चढलेले, आणि त्या बंगल्यात दोघांपैकी कुणी ना कधी जेवलेला, ना मार खाल्लेला.

मास्तरांच्या हातात बंगल्याचा जुना फोटो होता. सोमी जवळ गेली. "याच्यात मागची खोली हाय का?"

"ती अडगळीची होती. तिचा फोटो कोण काढतंय?"

"माजा बा मेला तिथं. मारून मारून मारला. त्याचा नाव लिवा तुमच्या फळीवर."

दिनेशला हर्ष झाला. "घ्या मास्तर, हा तुमचा वारसा! लिहितो आजी, इंग्रजांनी मारला म्हणून."

"इंग्रज कंचे? ते कवाच गेल्ते. आपलीच मानसा व्हती. आपल्याच बोलीत शिव्या देत व्हती."

मघापासून दोघांचं कशावरच जमत नव्हतं, ते आता एकदम जमलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "असं काही लिहायचं तर पुरावा लागतो, बाई." दिनेशनेही मान डोलावली.

आपण काय करून बसलो, ते सोमीला आत्ता कळलं.

"व्हता ना पुरावा," ती म्हणाली. "भित व्हती. मीच फोडली."