एडनची तार

दिवाळी उलटल्यावर कारंज्याहून छोट्या गाडीने निघालो, तेव्हा शेजारचे रहीमभाई रंगारी सोबत होते. त्यांचा मुलगा युसूफ एडनच्या बंदरात कोळशाच्या वखारीवर कामाला होता. उन्हाळ्यापासून त्याचे पत्र नव्हते. एडनची तार मुंबईला समुद्रातून वर निघते, हे मीच त्यांना सांगितले होते. कारंज्याहूनच तार करू म्हटले, तर ऐकेनात.

"इथची तार दहा हातांतून जाईन, भाऊ. तिथं समोरासमोर इचारू."

मूर्तिजापूरला मोठी गाडी धरली. भाकर-ठेचा त्यांनी तसाच परत बांधून ठेवला.

मुंबईच्या दक्षिण टोकाला, खडकाळ किनाऱ्यावर तारघर आहे. मला भव्य काही वाटले होते. निघाली लांबट कौलारू इमारत, खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचा रंग उडालेली. ओहोटी होती. दोरखंडासारखी काळी तार खडकांतून येऊन भिंतीत शिरत होती.

तिथले वयस्क कारकून भले निघाले; त्यांनी तारेची सारी माहिती दिली. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा (एका झाडाचा चीक), मग ताग, वर लोखंडी तारांचे वेष्टन. एडनपर्यंतचे अंतर दीड हजार मैलांहून अधिक. खोल पाण्यात ती बारीक, किनाऱ्याशी जाड. कारण नांगर आणि खडक इथेच. माझा अंदाज उलटा होता. पूर्वी अंधाऱ्या खोलीत बसून, हलणारा उजेडाचा ठिपका पाहून अक्षरे ओळखत. आता कागदाच्या पट्टीवर शाईची नागमोडी रेघ उमटते.

"हे आत्ता एडन बोलतंय," कारकून म्हणाले.

रहीमभाई पट्टीवर वाकले. "मंग त्याले इचारा ना, युसूफ हाये का म्हनून."

"चाचा, असं मधेच विचारता येत नाही. वखारीच्या नावाने रीतसर तार करा."

"इथवर येऊनबी अर्जच?" रहीमभाई माझ्याकडे पाहून हसले.

तार केली. उत्तर दुसऱ्या दिवशी आले: युसूफने पावसाळ्याआधीच काम सोडले, कुठे गेला, माहीत नाही.

"बंबईले उतरला असता, तं घरी आला असता," परतीच्या गाडीत ते एवढेच बोलले.

कारंज्याला युसूफची आई, फातिमाबी, दारातच उभी होती. मी मजकूर जसाच्या तसा सांगितला.

"काम सोडलं? मंग निंगाला (निघाला) असन तो," ती म्हणाली आणि आमच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

"तिले सांगा ना, भाऊ, आता वाट पाहू नको म्हनून," रहीमभाई हळूच म्हणाले. "तुमचं आयकते ते."

एवढ्या लांबून समुद्राखालून आलेले शब्द मी एक अक्षर न बदलता पोचवले होते. पुढचे माझ्याने बोलवले नाही. आता ती रोज गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाते. त्या वेळी मी तो रस्ता टाळतो.