गोंगाट ठरवलेली ओळ

सोमवार, सकाळ : कामावरून कमी का करू नये, अशी नोटीस कुसुमबाई खोब्रागडे यांच्या हाती. जबाबदार : कंत्राटदार, ज्याने माणसाऐवजी ॲपची साक्ष ग्राह्य धरली.

सोमवार, दुपार : त्या ॲपचे लॉग ‘स्वच्छ’ असल्याचा अहवाल. जबाबदार : आमचे प्रोजेक्ट मॅनेजर श्री. निखिल.

मंगळवार : निखिल यांना माझी तीन पत्रे, मेलने. उत्तर शून्य. जबाबदार : तेच.

शुक्रवार : सुनावणी.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. नोकरीत असतानाच संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतली. सध्या भंडाऱ्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मोबाइल ॲप तपासतो. आमचे हजेरीचे ॲप ज्या कंत्राटदाराकडे आहे, त्याची माणसे दिघोरीकडील तलावांची गेटे सांभाळतात. कुसुमबाई त्यांपैकी एक. ॲपच्या मते त्या रोज उशिरा येत होत्या आणि तलावावर तर कधी गेल्याच नव्हत्या.

नोटीस घेऊन बाई थेट आमच्या ऑफिसात आल्या. “रोज सकाळी सहाले गेट मीच उघडून राहिली,” त्या म्हणाल्या. “धानाच्या बांधीत पाणी आलं का नाही? मंग ते का तुमच्या ॲपनं सोडलं?”

“बाई, लॉगमध्ये एक पण एरर नाही,” निखिल म्हणाले. “एजंटनं चेक केलं न.”

“कोनता एजंट? इम्याचा का प्लॉटचा?”

वाचकांसाठी खुलासा. लॉग म्हणजे फोनने स्वतःच लिहिलेली रोजनिशी. तीत मिनिटाला हजारो ओळी पडतात. त्या माणसाने वाचणे कठीण, म्हणून हल्ली एआय एजंट नेमतात. त्याला साध्या भाषेत काम सांगावे. तो लॉग गोळा करतो, गाळतो आणि निष्कर्ष लिहून देतो. काय गाळायचे, हे मात्र माणूस सांगतो.

मी मूळ, न गाळलेला लॉग मागितला.

“काका, रॉ लॉग कोण ठेवते? जागा खाते तो.”

मी त्यांचा काका नाही. तरीही ते वाक्य मी टिपून ठेवले. पुराव्यापैकी सोयीचा भाग ठेवून उरलेला फेकून द्यावा, हे तत्त्व मला कायद्याच्या वर्गात शिकवले नव्हते. फोनही जुन्या ओळी पुसून त्यांवर नव्या लिहितो. म्हणजे पुरावा नव्याने गोळा करणे आले.

बुधवारी पहाटेच निघून मी तलावाच्या पाळीवर पोचलो. लॉगमध्ये माणसाचे खासगी आयुष्यही सांडलेले असते, म्हणून आधी बाईंची लेखी संमती घेतली. मग सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात टिचक्या मारल्या. तेवढ्यावर फोन आपल्याला डेव्हलपर मानतो. इतकी स्वस्त पदवी मी दुसरी पाहिलेली नाही. यूएसबी डिबगिंग चालू केले, फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि काहीही न गाळता सगळा लॉग फाइलमध्ये उतरू दिला.

बाईंनी हजेरीचे बटण दाबले आणि गेटचे चाक फिरवायला घेतले. “आता तरी दिसली का मी त्याले?” त्यांनी विचारले.

दिसल्या होत्या. पडद्यावर एकच ओळ पुन्हापुन्हा उमटत होती : नेटवर्क नाही, हजेरी ६:०२, स्थान तलाव, नोंद राखून ठेवली. काम आटोपून आम्ही गावात आलो, रेंज आली, नोंद सर्व्हरकडे गेली. सर्व्हरने बटण दाबल्याची वेळ सोडून नोंद पोचल्याची वेळ लिहिली, आणि जागा लिहिली गावाची. वेळेवर येणारी बाई अशी रोज नियमाने उशिरा येत होती.

दुपारी ऑफिसात ती फाइल एजंटला दोनदा दिली. आधी निखिल यांच्या ठरलेल्या सूचनेसह. उत्तर : एकही दोष नाही. मग माझ्या सूचनेसह : फक्त या ॲपच्या ओळी ठेव, त्यांतली एकही वगळू नकोस. उत्तरात पहिल्याच परिच्छेदात ६:०२ होते. आधी ही ओळ का दिली नाहीस, असे विचारले. ‘वारंवार येणाऱ्या ओळी गोंगाट समजून वगळाव्यात, अशी सूचना होती. चुकीबद्दल क्षमस्व.’ या प्रकरणात लेखी चूक मान्य करणारा हा एकमेव पक्ष, आणि नेमका तोच पगारावर नाही.

शुक्रवारी कंत्राटदाराच्या अधिकाऱ्यापुढे मी संपूर्ण लॉग छापून ठेवला. त्यांनी पाने उलटली.

“हे एकच ओळ इतक्यांदा काहून छापली?”

“कारण ती इतक्यांदा घडली.”

नोटीस मागे घेतली गेली, ‘तांत्रिक कारणास्तव’. हे ‘तांत्रिक कारण’ नावाचे गृहस्थ कोण, राहतात कुठे, त्यांची सही कशी असते, हे आदेशात नाही. शनिवारी सहाला गेट कुसुमबाईंनीच उघडले.

ऑफिसात परतल्यावर मी निखिल यांना माझ्या तीन पत्रांबद्दल विचारले.

“काका, मेलवर पण तोच एजंट बसवला आहे. तुमचं तेच ते येते, तं तो बाजूला टाकून राहिला.”

धडा एवढाच : गाळण्यापूर्वी मूळ जपावे, आणि जे वारंवार सांगितले जाते ते आधी वाचावे.

कुसुमबाईंसारख्याच नोटिसा इतर तलावांवरील गेटचालकांनाही गेल्या आहेत आणि त्या अद्याप कायम आहेत. म्हणून माझी मागणी अशी : ‘वारंवार म्हणजे गोंगाट’ ही सूचना कोणी लिहिली आणि कोणी मंजूर केली, याचे उत्तर कंपनी व कंत्राटदार यांनी नाव, हुद्दा आणि सहीसह दिघोरीच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. मेलने पाठवू नये. तिथे काय वाचले जाते, ते आता मला ठाऊक आहे.