खालचा म

काकांचा फोन आला तेव्हा मी कोथरूडच्या ऑफिसात हेडफोन लावून एका चिडलेल्या गिऱ्हाइकाला "सर, मी समजू शकतो" म्हणत होतो. काका कधी कुणाला फोन करत नाहीत, म्हणून उचलला. "मी बोलतोय. मावशी गेली." मी विचारलं, "कुठे?" पलीकडे नुसता पंख्याचा आवाज... मग काका म्हणाले, "अरे, गेली." आणि ठेवला. लोकांच्या बोलण्यातला चढउतार पकडून त्यांच्या नकला करतो म्हणून कॉलेजात मला स्टेजवर ढकलायचे. आणि खरंच पकडायची वेळ आली तेव्हा मी विचारतो काय, तर कुठे!

प्रमिलामावशी माझ्या घरमालकीण. विश्रांतवाडीत खाली त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे काका, वरच्या खोलीत मी. मी आर्वीचा. नोकरीत असताना मावशी स्वारगेटच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या. निवृत्त झाल्या तरी तो आवाज काही निवृत्त झाला नव्हता. जरा नाकातून यायचा आणि शेवटचं अक्षर उतारावरून सोडून दिल्यासारखं खाली जायचं. "भात घेतोस काऽ" सुद्धा असं म्हणायच्या, की भात फलाटाला लागलाय असं वाटावं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांची नक्कल त्यांच्याच तोंडावर केली. काका पेपरमागे हसले, पेपर हलला म्हणून कळलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "छान. आता पाण्याची मोटर बंद कर, नकल्या." तेव्हापासून त्या घरात माझं नाव नकल्या.

मावशी माऊथ ऑर्गन वाजवायच्या. आमच्याकडे त्याला बाजा म्हणतात. तसं म्हटलं की चिडायच्या, "बाजा वरातीत असतो!" त्यांचं बघून मलाही खाज सुटली. मोबाइलवरून मागवला, दहा भोकांचा, स्वस्तातला. डावीकडून सुरू केलं, सा, रे, ग... आणि पुढे म च नाही. प लागतो, तोही दोनदा, एकदा ओढून, एकदा फुंकून. म नाही म्हणजे नाही. मी खराब माल म्हणून परत पाठवला. दुसरा आला, त्यातही तेच. मग जिन्यात उभं राहून मी फोनवरून कंपनीच्या बाईवर ओरडत होतो, "अहो मॅडम, ग झाला की डायरेक्ट प लागून राहिला! पाठवायच्या आधी वाजवून पाहत नाही काय बाप्पा तुम्ही?" खाली मावशी पायरीवर बसून हसत होत्या. इतक्या की काकांना पाणी आणावं लागलं.

"तुझा पीस ठणठणीत आहे, डोकं परत पाठव," म्हणाल्या आणि मला आत नेलं. दहा भोकांच्या बाजात मधल्या घरांत, म्हणजे भोकांत, सगळी सरगम असते, पण खालच्या घरांत म आणि ध ठेवलेलेच नसतात. तिथे नुसतं फुंकलं तरी सूर एकमेकांशी जुळावेत म्हणून तसं बांधलंय. मग त्यांनी आपला लांब, दुहेरी भोकांचा काढला. त्यात एका सुराला आत दोन पितळी पट्ट्या, आणि एक दुसरीपेक्षा जराशी चढी, मुद्दाम. म्हणून तो आवाज थरथरतो. "मी आणि तुझे काका," मावशी म्हणाल्या, "अगदी एका सुरात असतो तर झोप लागली असती ऐकणाऱ्याला." काकांनी पेपरचं पान उलटलं. तिसरा बटणवाला. बाजूचं बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्धा वर सरकतो, म्हणजे कोमल, तीव्र, सगळे बाराच्या बारा हजर. मी म्हटलं, "मग हाच द्या ना!" तर म्हणाल्या, "बटण दाबायला तू लिफ्टमन आहेस का? तुझ्याच बाजात आहे तो म. प च्या पोटात आहे. खाली ओढून आण."

इथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो अजून उतरलेला नाही. दुसरं भोक, श्वास आत ओढायचा आणि ओढता ओढता तोंडाच्या आत काहीतरी करायचं, की प वाकतो. अर्धा वाकला की तीव्र म, आणखी वाकला की आपला साधा, शुद्ध म. मावशी करायच्या तेव्हा सूर जिना उतरल्यासारखा खाली यायचा. मी केलं की मांजर दारात अडकल्यासारखा. चुकून जमलंच तर तीव्रावर गाडी बंद. "तीव्र झाला. अजून खाली ये," हे वाक्य मी त्या घरात भाताइतकं खाल्लंय. मी वैतागून विचारायचो, "पण करायचं काय नेमकं?" तर, "जीभ मागे घे." "किती?" "म येईपर्यंत." हे काय उत्तर झालं? मी आयुष्यात जे शिकलो ते बघून शिकलो. मास्तरांची मान, कंडक्टरचा हात, साहेबांची भुवई... बघितलं की उचललं. आणि इथे सगळा कारभार बंद ओठांच्या आत. एकदा तर मी म्हटलं, "मावशी, तोंड उघडं ठेवून वाजवा ना." त्यावर काकासुद्धा मोठ्याने हसले. मावशी म्हणाल्या, "रविवारी बसू नीट. तोवर जीभ सांभाळ, ऑफिसातही." शुक्रवारी झटका आला, दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. कुणावर चिडायचं? मी मावशींवरच चिडलोय. शिकवणी अर्धी सोडून कुणी जातं का असं?

मावशींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे जेवून गेले. खुर्च्या रचताना काका जवळ आले. "नकल्या, तिचा आवाज काढ ना एकदा." बस, एवढंच मागितलं. तोवर रोज फुकटात काढायचो मी तो आवाज. घसा साफ केला, नाकातून लावला, "भात घेतोस काऽ"... शब्द सगळे बरोबर, आणि आवाज माझाच. परत केलं. आणखी वाईट. काका म्हणाले, "असू दे," आणि खुर्च्या रचायला लागले. नको त्या माणसांचे आवाज झोपेत विचारा, येतात. हाच तेवढा येत नाही. रोज आरशासमोर करतो, रोज माझाच मला ऐकू येतो.

मावशींचे तिन्ही बाजे अजून टीव्हीशेजारी आहेत. दहा भोकांचा त्या चष्म्याच्या डबीत ठेवायच्या आणि चष्मा घरभर उघडा हिंडायचा. रविवारी मी खाली जातो. काका चहा टाकतात, साखर अजून तिघांच्या अंदाजाने पडते. मग ते पेपर उघडतात, मी डबी. गेल्या रविवारी दुसऱ्या भोकावर पुन्हा तेच, प, मग मांजर, मग कसाबसा तीव्र, आणि तिथेच अडकला. बाजा भिरकावून द्यावा इतका संताप आला. तेवढ्यात पेपरमागून आवाज आला, "तीव्र झाला. अजून खाली येऽ."

नाकातून. शेवटचं अक्षर उतारावरून सोडून दिलेलं.

पेपर हलला नाही. आपण काय केलं ते काकांना कळलंसुद्धा नसावं. मी पुन्हा श्वास ओढला, जीभ मागे घेतली, आणि या वेळी मुद्दाम तीव्रावरच थांबलो.