नकार तेवढा लेखी द्या

“जन्माचा दाखला नाही, तर प्रवेशही नाही!” हेडमास्तर गरजले. त्या आवाजानं होटगीकडं निघालेली मालगाडी लाल सिग्नल नसताना थांबली असणार. मी पुतणीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलो होतो. मीच घाबरून उभा राहिलो.

ज्यांच्यावर ते गरजले त्या बाई मात्र शांत होत्या. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं, बोटाला धरलेली सातेक वर्षांची मुलगी. “पोरगी पालावरची हाय, यांची न्हाय,” शिपाई माझ्या कानात म्हणाला. “बाई कुंभारी गावच्या हायेत. विड्या वळून उरलेल्या वेळात दुसऱ्यांची पोरं शाळेत घालतात. सगळी हाफिसं यांना वळखून हायेत.”

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला, टेबलावर तळहातानं सपाट केला आणि वर पेन ठेवलं.

“सर, दाखला न्हाय म्हणून पोरगी परत पाठवली, एवढं लिहून सही करा. शिक्षणाच्या हक्काचा कायदा तुमाला ठाऊक हाय की.”

ते पेन मणभर वजनाचं असावं. सरांना काही उचलेना. तोंडानं माणूस कुणालाही हाकलतो, पण त्याखाली स्वतःचं नाव घालायला त्याचा हात धजत नाही. शेवटी सरांनी रजिस्टर उघडलं आणि मुलीचं नाव लिहून घेतलं.

फाटकापाशी मी बाईंना गाठलं. “मावशी, जिंकलात की!”

“नाव लागलं,” त्या म्हणाल्या. “वर्गात कुटं बसवत्यात, ते उद्या येऊन बघते.”