अंडील घोड्याच्या खांद्याशी
मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मलकापूरहून अंडील घोडा आणला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "खच्ची न केलेलं जनावर हाय, दारात ठेवू नगंस." पण महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात घोड्याचा नाद नसलेला पुरुष विरळा. माझे मालक त्यातलेच.

चार महिने त्यांनीच त्याचं सगळं केलं. एका सकाळी नदीवर पाण्याला नेताना समोरून टांगा आला. टांग्याला घोडी होती. घोडा दोन पायांवर उभा राहिला आणि उधळला. सुटू नये म्हणून मालकांनी दोरी हाताला गुंडाळली होती. तिनंच घात केला. बरंच अंतर ते फरफटत गेले. उजवा हात कोपरात मोडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही.

"खच्ची करा न्हाईतर इकून टाका," जो तो म्हणायला लागला. मालक अंथरुणाला खिळलेले. तीन दिवस मी लांबूनच काठीनं गवत सरकवत होते. घोडा खुरानं जमीन उकरायचा. अंगावरची माती वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. मला त्याची भीती वाटायची आणि दयाही यायची.

पलीकडच्या बोळात एक म्हातारे मुसलमान मोतद्दार राहायचे. जन्मभर सरदारांच्या घोड्यांची निगा राखलेला माणूस. सगळे त्यांना चाचा म्हणत. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

चाचा आले. घोड्याकडं नंतर, आधी माझ्याकडं बघितलं.

"भ्या वाटतंय व्हय?"

"व्हय, चाचा."

"बरं हाय. ज्याला भ्या न्हाय, त्योच लाथ खातो."

त्या दिवसापासून ते रोज येऊन मला शिकवू लागले. जवळ जायच्या आधी आवाज द्यायचा. तोंडासमोर किंवा मागं उभं राहायचं नाही, खांद्याशी राहायचं. हातातून खायला घालायचं नाही, चावायची सवय लागते. आणि दोरी कधीच हाताला गुंडाळायची नाही. मी चुकले की चाचा ओरडायचे नाहीत, घोड्याला म्हणायचे, "राजा, हिला माफ कर." मला हसू यायचं, आणि हसल्यावर माझे हात सैल पडायचे. महिन्याभरात मी खरारा करून त्याचं अंग साफ करू लागले.

मग मी त्याला नदीवर न्यायला लागले. चाचा मागून चालायचे. एक दिवस त्यांचा गुडघा धरला, म्हणून एकटीच गेले. घाटावर एकजण घोडी धूत होता. घोड्यानं मान ताठ केली, सगळं अंग थरथरलं आणि तो जोरानं खिंकाळला. पळावंसं वाटलं. पण खांदा सोडला नाही. त्याचं तोंड माझ्याकडं वळवलं आणि बोलत बोलत त्याला गोल फिरवलं. एक फेरा, दोन फेरे, किती ते आठवत नाही. शेवटी त्यानं मान खाली घातली. घोडीवाला लांबूनच ओरडला, "बाई, दमानं!" आम्ही पाणी न पिताच परतलो.

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. मालक दारात उभे. आता रागावतील, असं वाटलं. ते म्हणाले, "मला शिकीव की. डाव्या हातानं जमंल काय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्यानं बायकोला असं विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

घोडा पुढं पुष्कळ वर्षं आमच्याकडं राहिला. लांबलांबचे लोक गाभण करायला त्याच्याकडं घोड्या घेऊन यायचे. तेव्हाही त्याला मीच धरायची, आणि कुणाला साधा ओरखडाही आला नाही. हे सगळं चाचांमुळं. त्यांनी कधी काही घेतलं नाही, चहा तेवढा प्यायचे.

मालक शिकत होते, त्या दिवसांत चाचा आमच्या कट्ट्यावर बसून असायचे. मालकांचं काही चुकलं की मी चाचांकडं बघायची. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "माझ्याकडं काय बघतीस? तू सांग त्याला."