आंजेलमायचा एक जादा संत

आंजेलमायनं लदीन म्हणायला घेतली की आमच्या गावात एक संत जादा व्हायचा.

लदीन म्हणजे ख्रिस्ती शेजाऱ्यांची क्रुसासमोर गाऊन म्हणायची प्रार्थना. तिचा क्रूस आणि आमची तुळस यांच्यामध्ये फक्त एक गडगा, त्यामुळे आम्ही हिंदू पोरंही जायचो. खरं सांगायचं तर शेवटी वाटतात त्या उकडलेल्या चण्यांसाठी. माय एकेका संताचं नाव लांबवून म्हणायची आणि अख्खं अंगण उत्तर द्यायचं, ‘आमच्याखातीर विनती कर.’ सांत पेद्रू, सांत पावलू, सांत आंतोन, आणि त्याच सुरात, श्वास न घेता, ‘इनास कुक’. अंगणाचं लक्ष चण्यांकडे. तेही बिनदिक्कत म्हणायचं, ‘आमच्याखातीर विनती कर.’

इनास हा मायचा बापूस. दुसऱ्या महायुद्धात बोटीवर कुक होता. बोट बुडाली तेव्हा माय पाळण्यात होती. चर्चच्या दारात युद्धात गेलेल्या गावकऱ्यांची संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर चार नावं, सगळी शिपायांची. ‘ढवळणारो मेलो तर तो काय कमी मेलो?’ असं ती येणाऱ्या प्रत्येक फादरला विचारायची. फादर मान हलवायचे आणि यथावकाश त्यांची बदली व्हायची. पाटी मात्र दर शनिवारी मायच पुसायची. ‘त्या चौगांचो काय दोष?’ म्हणायची.

मग वसईकडचे एक नवे फादर आले. पहिल्याच लदीनीनंतर चण्यांची मूठ तशीच धरून त्यांनी विचारलं, ‘हे इनास कुक कुठले संत?’ आम्ही सगळ्यांनी चण्यांत माना घातल्या.

‘हंयचेच,’ माय म्हणाली.

‘अहो, संत ठरवायला रोमची मान्यता लागते.’

‘मगे रोमाक कळवा. तेंकाय जेवूक लागताच मां.’

फादरना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, ‘माय, हे नाव प्रार्थनेत चालणार नाही.’

‘बरा. तुमी ता पाटयेच्या फातरार घाला, मगे मी हंयसून काढतंय.’

आणि ह्या फादरनी खरंच मनावर घेतलं. चौघांच्या खाली जेमतेम एका ओळीची जागा होती, तिथे कोरलं गेलं, ‘इनास, बोटीवरचा कुक’. मायनं अक्षरं बोटानं चाचपली. ‘बापसा, बस आता हंय,’ म्हणाली आणि ढसाढसा रडली. मग आम्हाला कुठलं राहवतंय.

पुढची लदीन तिच्याच अंगणात. फादर अगदी समोर बसलेले. सांत आंतोन झाले. मायनं शब्द पाळला, ओठ घट्ट मिटले. आणि त्या शांततेला अख्ख्या अंगणानं सवयीनं खणखणीत उत्तर दिलं, ‘आमच्याखातीर विनती कर.’ त्यात फादरही होते.

माय हसत हसत क्रुसाच्या पायरीवरच बसली. ‘फादर, माज्या तोंडातसून मी काढलंय हां. ह्येंच्या तोंडातसून तुमी काढा.’ फादर डोळे पुसत राहिले. ते काढणं त्यांना जमलं नाही.

माय गेली त्याला दोन पावसाळे झाले. आता लदीन तिची सून म्हणते. आंतोननंतर तीही थांबते. परवा मी, गडग्यापलीकडची, सगळ्यांत मोठ्यानं उत्तर दिलं. मनात मात्र नाव मायचं घेतलं होतं.