समुद्राची ओटी

नव्या खणाच्या खळीचा वास आला की मला चेन्नईचं मासेमारी बंदर आठवतं. पहिल्या वर्षी आई मला तांबरमच्या हॉस्टेलवर सोडायला आली, तेव्हा रेक्टरबाईंची ओटी भरून मला त्यांच्या हवाली करायचं तिनं गावाहूनच ठरवलं होतं. त्या नेमक्या रजेवर होत्या. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी तिला जुन्या बाजारातून, फुलांच्या गल्ल्यांतून चालवत बंदरावर नेलं. एका कोळ्यानं आम्हाला होडीत घेतलं. शहर मागे लहान होत गेलं, तरी आईचं एकच चाललं होतं, "कुणाच्या भरवशावर ठेवू तुला? परतच चल." ओटीची पिशवी तिच्या मांडीवर तशीच होती. पाण्याकडे बघत ती म्हणाली, "नदी असती तर हिचीच भरली असती. समुद्र पडला बाप्या." मी मोडक्या तमिळमध्ये हे कोळ्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, "इल्लै, कडल अम्मा." कडल म्हणजे समुद्र हे मी सांगायच्या आत त्यातलं अम्मा आईला कळलं. तिनं पदर सावरला, खण, तांदूळ, नारळ पाण्यात सोडले आणि हात जोडले, "पोर तुझ्या ओटीत घातली गं बाई." आजही ती फोनवर विचारते, "रेक्टरबाई येऊन गेल्या का?" दुपारी समुद्राचा वारा खिडकीतून आलेला असला, की मी हो म्हणते.